भाईचं मशीन

जूनमधल्या वादळात आमच्या परसातल्या शेडचे पत्रे उडून गेले आणि भाईचं मशीन पुन्हा डोळ्यांसमोर आलं.

तोपर्यंत ते शेडच्या कोपऱ्यात लाकडी घोडीवर उभं होतं. वरून निळी ताडपत्री, तिला दोरीचे वेढे. घरातलं कुणी तिकडे बघत नसे. भाभी जळणासाठी शेडमध्ये जायची, पण फाटी दाराजवळच रचून ठेवायची, म्हणजे आत पाऊल टाकावं लागू नये. अब्बा तर त्या बाजूला फिरकतच नसत. वादळाने पत्रे नेले, ताडपत्री नेली, आणि मशीन तेवढं जागच्या जागी ठेवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते थेट दिसायला लागलं.

भाई माझा मोठा भाऊ. बरीच वर्षं तो कुवेतला एका गोदामात कामाला होता. परतला तो कायमचाच, आणि आता कुणाची चाकरी करायची नाही हे ठरवूनच परतला. त्याने एक लहानशी फायबरची होडी घेतली आणि अलिबागच्या बाजूने कुणाकडून तरी हे मशीन आणलं. होडीच्या मागे अडकवायच्या इंजिनाला आमच्याकडे मशीनच म्हणतात. वर डोकं, मध्ये लांब पाय, आणि पाण्यात बुडणारा खालचा भाग, त्याला पंखा. दोरी ओढून चालू करायचं. तेव्हाही ते जुनंच होतं. झाकणावरचा रंग उडालेला, कंपनीचं नाव पुसून गेलेलं. पण भाईला त्याचं भारी कौतुक. परत आला की होडीवरून काढून खांद्यावर घेऊन घरी आणायचा, गोड्या पाण्याने धुवायचा, आणि भाभी म्हणायची की एवढी आंघोळ हा माणूस स्वतः करत नाही.

आमचं गाव मुरुडच्या अलीकडे, एका लहान खाडीच्या तोंडाशी आहे. तिथे पाण्याखाली वाळूचा दांडा आहे आणि वारा असला की त्यावर लाटा फुटतात. सप्टेंबरातल्या एका सकाळी जाळं काढून परत येताना भाईची होडी त्या दांड्यावर उलटली. किनाऱ्यावरच्या माणसांनी लांबून पाहिलं. मशीनचा आवाज बंद पडला, होडी लाटेला आडवी झाली आणि दिसेनाशी झाली, एवढंच त्यांना सांगता आलं. ओहोटीला होडी वाळूवर पालथी सापडली. मशीन तिला तसंच आवळलेलं होतं. भाई नंतर सापडला, बराच खाली, दिघीच्या बाजूला.

खाऱ्या पाण्यात बुडालेलं मशीन लगेच गोड्या पाण्याने धुऊन त्यात तेल ओतायचं असतं, नाहीतर आतून गंजून जातं. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण त्या दिवसांत ते कुणाच्या मनात येणार? कुणीतरी ते शेडमध्ये आणून ठेवलं, कुणीतरी ताडपत्री बांधली, आणि ते वर्षानुवर्षं तिथेच राहिलं.

मय्यतीला आलेली माणसं पडवीत बसून बोलायची. वाईट मनाने बोलत नव्हती. पण बोलणं फिरून फिरून एकाच जागी यायचं. इतकी वर्षं आखातात राहिला, पाण्याची सवय मोडली त्याची. लाट अंगावर घ्यायची असते नाकासमोर, त्याने आडवी घेतली. आपल्यातला कुणी तसं करायचा न्हाय. मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, त्यांनाही दुसऱ्या दिवशी त्याच तोंडातून होड्या बाहेर काढायच्या होत्या. चूक भाईची असली तर दर्या त्यांच्यासाठी होता तसाच राहत होता.

अब्बा भिंतीला टेकून मान खाली घालून ऐकत असत. हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत. मला वाटायचं, दुःखाने त्यांची वाचाच बसली आहे. आतल्या खोलीत भाभी इद्दतला, नवरा गेल्यावर बाईने घरात काढायच्या दिवसांना, बसलेली होती. पडवीच्या आणि त्या खोलीच्या मध्ये एक खिडकी आहे. तिला सगळं ऐकू जात असणार.

मी पालीला शाळेत शिकवते आणि तिथेच खोली घेऊन राहते. आई आधीच गेलेली. घरात अब्बा, भाभी आणि तिची लहान मुलगी. वादळानंतर दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा वाकलेले पत्रे न्यायला भंगारवाला आला होता. पत्रे टेम्पोत टाकून झाल्यावर त्याने मशीनकडे बोट दाखवलं आणि हेही घेऊन जातो म्हणाला. अब्बा पडवीतून म्हणाले, ते द्यायचं नाही, ते चालू करायचं आहे.

आम्ही हे पहिल्यांदाच ऐकत होतो. भाभी विहिरीवरून कळशी घेऊन येत होती. ती थांबली, कळशी जमिनीवर ठेवली आणि रिकाम्या हातांनी आत निघून गेली.

अब्बांचं उभं आयुष्य इंजिनाजवळ गेलेलं. खाडीवर पूल नव्हता तेव्हा माणसं ने-आण करणारी लाँच होती, तिचं इंजिन ते बघत असत. पूल झाला, लाँच बंद पडली, पण हाताला सवय राहिली. गावातले पंप, पिठाची गिरणी, कुणाचीही मोटार ते उघडून बसत. आता मात्र त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका डोळ्याने माणूस ओळखू यायचा, दुसऱ्याने नुसता उजेड कळायचा. ऑपरेशनला ते तयार होत नव्हते. म्हणून सकाळी चहा झाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, डोळे तुझे, हात माझे, आपण बसू.

मला इंजिनातलं काही कळत नाही. पण वडिलांबरोबर काही तास बसायला मिळणार होतं, आणि ते स्वतःहून काही करायला निघाले होते हेच मला खूप वाटलं. मी पाट घेऊन बसले.

झाकणाचे स्क्रू गंजून एकजीव झाले होते. अब्बांनी त्यांवर रॉकेल सोडलं आणि दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने ठोकून सोडवले. आत मिठाची पांढरी खरपुडी, गंजाचा लाल चुरा, आणि एका कोपऱ्यात कुंभारमाशीने बांधलेलं मातीचं घर. उघडल्याबरोबर जो वास आला तो मला अजून आठवतो. सडक्या पाण्याचा आणि जुन्या तेलाचा. अब्बांनी हात आत घातला आणि एकेका भागावरून बोटं फिरवत गेले. मध्येच विचारायचे, इथे काय दिसतं? हिरवं का काळं? मी सांगायची. हिरवं म्हणजे पितळ खराब झालं आहे, ते घासून निघेल. काळं म्हणजे आत गेलं.

दोरी ओढून पाहिली तर हलत नव्हती. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि तेल ओतून ठेवलं. रोज सकाळी अब्बा दोरीला हात लावून बघायचे, जोर न करता. सुट्टी संपत आली तेव्हा एकदा ती बोटभर सरकली. त्या दिवशी दुपारी अब्बांनी दोन वेळा भात घेतला.

मग मी दर शनिवारी येऊ लागले. शाळा सुटली की पालीहून एसटीने, गाड्या बदलत. कार्ब्युरेटर उघडला, त्याची बारीक भोकं तारेने साफ केली. एक बोल्ट तुटून आतच राहिला, तो काढण्यात एक अख्खा रविवार गेला. ठिणगी देणारी कॉइल पार खराब झाली होती. ती जुनी कुठे मिळते का पाहायला मी किहीमला गेले. तिथे किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींची मशीनं दुरुस्त करणारा एक माणूस आहे. माझ्याच वयाचा, तुटक बोलणारा. त्याच्या मागच्या अंगणात जुन्या मशीनचा ढीग पडलेला असतो. त्यातून त्याने कॉइल काढून दिली आणि विचारलं, खालचा भाग उघडलात का? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, आधी तोच उघडायचा असतो, गिअर गेला असेल तर वरची मेहनत फुकट.

मी हे अब्बांना सांगितलं. उघडू, घाई काय आहे, असं म्हणून त्यांनी कॉइल हातात घेतली.

पुढच्या शनिवारी पुन्हा वरचंच काम निघालं. त्याच्या पुढच्या शनिवारीही. झाकण आतून बाहेरून घासून झालं. तारा नव्या झाल्या. ठिणगी पडायला लागली, निळी, मला स्वच्छ दिसली आणि मी त्यांना सांगितली. वरचं करण्यासारखं काही उरलं नाही तरी अब्बा फडकं घेऊन तेच तेच पुसत बसायचे. खालचा भाग, पंखा, त्यावर सुकलेला खाडीचा चिखल, सगळं होतं तसंच. मी कधी त्याच्याजवळ हात नेला तर म्हणायचे, ते राहू दे.

भाभी या सगळ्यात कधी आली नाही. ती गावाबाहेर मुंबईकरांच्या एका बंगल्यावर साफसफाईला आणि स्वयंपाकाला जायची. शनिवार-रविवारी तिला तिथे जास्त काम. येता-जाता शेडकडे न बघता पुढे जायची. मी एकदा तिला म्हटलं की अब्बांना बरं वाटतंय त्यात. ती म्हणाली, वाटू दे. आवाजात काही नव्हतं.

जानेवारीतला रविवार होता. सकाळीच अब्बा म्हणाले, पाना आण, आज पंखा काढू. त्यांनी नवा सदरा घातला होता. मला ते जरा विचित्र वाटलं.

मशीन आडवं केलं. चिखल ओल्या फडक्याने काढला. पंख्याच्या एका पात्याची कड दुमडलेली होती. मी तसं सांगितलं. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, लाकूड लागलं असणार, पावसाळ्यानंतर वरून ओंडके वाहून येतात. मग त्यांनी मला पंखा हाताने फिरवायला सांगितला. थोडा फिरला आणि आत कटकट वाजून अडला. पुन्हा सुटला, पुन्हा अडला. अब्बा ऐकत होते. त्यांनी मला थांबवलं नाही, मीच थांबले.

पंख्याचं टोपण काढलं, मागची खीळ काढली, आणि पंखा ज्यावर फिरतो त्या लोखंडी दांड्यावरून तो हलवत हलवत ओढला. दांड्यात आडवी एक पिन होती. पेन्सिलीएवढी जाड, बोटाच्या पेरापेक्षा जरा लांब. वरून वंगणाचा काळा थर. अब्बांनी ती ठोकून बाहेर काढली, फडक्याने पुसली, बोटांत फिरवली. मग ती माझ्या तळहातावर ठेवली.

"नीट बघ. उन्हात नेऊन बघ," ते म्हणाले. "पिवळी हाय का पांढरी?"

मी सावलीतून बाहेर अंगणात गेले. पुन्हा पुसली. रॉकेल लावून पुसली.

"पांढरी," मी म्हटलं.

मला ठाऊक असतं तर मी काय म्हटलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. मला ठाऊक नव्हतं. पत्र्याचा रंग सांगावा तसा मी तो रंग सांगितला.

अब्बा घोडीला धरून खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. पाणी आणलं तर त्यांनी तांब्या बाजूला ठेवला.

"ती मी घातली," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. पंखा आणि दांडा यांना ही पिन जोडते. ती मुद्दाम मऊ पितळेची असते. पंखा कशावर आपटला तर ती मोडते, आणि ती मोडली म्हणून आतला गिअर वाचतो. दुसरी पिन घातली की मशीन पुन्हा चालायला मोकळं. भाई ओहोटीच्या पाण्यात होडी घालायचा, पंखा वाळूला लागायचा आणि पिना मोडायच्या. वैतागायचा. एकदा जवळच्या सगळ्या पिना संपल्या आणि दुसऱ्या दिवशी जाळं काढायला जायचं होतं. तेव्हा अब्बांनी लाँचच्या भंगारातली एक पोलादी सळई होती तिचा तुकडा कापून, घासून, तिथे बसवला. भाईला सांगितलं, ही तात्पुरती आहे, अलिबागला गेलास की पितळेच्या आण आणि ही काढून टाक. भाई हो म्हणाला.

"बदलली असंल, असं वाटायचं मला," अब्बा म्हणाले. "तो गेला होता अलिबागला. दोनदा गेला होता."

इतकी वर्षं ते त्या एका शक्यतेवर जगले होते. शेडच्या दारातून आत जात नव्हते ते म्हणून. पत्रे उडाले आणि मशीन रोज समोर दिसायला लागलं, तेव्हा त्यांना ते सहन होईना. उघडून बघायचं ठरवलं, पण बघायला डोळे नव्हते. मी लागले ती त्यासाठी. आणि तरीही वरचं सगळं संपेपर्यंत त्यांनी ते लांबवलं.

आम्ही गिअरचं तेल काढलं. दुधासारखं पांढरं, पाणी मिसळलेलं, आणि त्यात धातूचे कण. आतल्या चाकाचे दात तुटून पडले होते. पिन मोडली नाही, म्हणून ते मोडले होते.

मी म्हटलं, भाभीला काही सांगू नका. त्याने काय साधणार आहे? अब्बा म्हणाले, सांगणार.

ती दुपारी बंगल्यावरून आली. अब्बा पडवीच्या पायरीवर बसून होते, पिन हातात. तिला बस म्हणाले. ती उभीच राहिली, खांद्याला पिशवी तशीच. त्यांनी मला सांगितलं तेच, त्याच क्रमाने, तिलाही सांगितलं. आवाज हलला नाही. सांगून झाल्यावर पिन तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही.

"पिन तुम्ही घातली ते मला ठाऊक होतं," भाभी म्हणाली. "त्यांनीच सांगितलेलं. खूश होते. म्हणाले, अब्बांनी अशी बसवलीय की आता मोडायची न्हाय."

अब्बांनी मान वर केली.

"मी पिनेचं काय बोलत न्हाय, अब्बा. दर्यात काय होईल ते कुणाच्या हातात असतं? पण लोक इथं बसून त्यांना नावं ठेवत होते. होडी हाकता येत नव्हती म्हणत होते. मी त्या खिडकीच्या आत बसून ऐकत होते आणि वाट बघत होते, आता अब्बा बोलतील. आता बोलतील. तुम्ही गप्प बसलात."

एवढं बोलून ती आत गेली. थोड्या वेळाने चुलीजवळ भांड्यांचा आवाज यायला लागला. त्या दिवशीही तिने अब्बांचं ताट वेळेवर वाढलं, भाकरीचे तुकडे करून दिले, कालवणातले काटे काढून दिले. रोज करायची तसंच.

पुढच्या आठवड्यात मी शाळेतून रजा काढून किहीमला गेले. गिअर हवा होता, पण खरं म्हणजे मला विचारायचं होतं. मी त्या दुरुस्तीवाल्याला सगळं सांगितलं, फक्त कुणाचं ते सांगितलं नाही. पितळेची पिन असती तर माणूस वाचला असता का? त्याने हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाला, शांत पाण्यात पिन बदलायला फार वेळ लागत नाही, पण लाटा फुटत असतील तर कुणी वाकून पिन बदलत बसू शकत नाही, वल्ही मारायची आणि नशीब. पितळेची असती तरी पंखा त्या क्षणी फिरायचा थांबलाच असता. मी विचारलं, म्हणजे काही फरक पडला नसता? तो म्हणाला, "तसं मी म्हणत नाही. सांगता येत नाही, एवढंच म्हणतो." मग ढिगातून त्याने एक गिअर शोधून दिला, थोडा झिजलेला, पण दात शाबूत. आणि न मागता पितळेच्या काही पिना कागदात बांधून दिल्या.

मी हे घरी येऊन अब्बांना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना थोडा तरी आधार मिळेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्याला काय ठाऊक, तो तिथं नव्हता. मग म्हणाले, मीपण नव्हतो.

त्या शुक्रवारी ते मशिदीत गेले. मी तेव्हा पालीला होते. पुढचं मला शेजारच्या चाचीने सांगितलं, तिला तिच्या नवऱ्याने. नमाज झाल्यावर माणसं अंगणात चपला घालत होती तेव्हा अब्बा मोठ्याने बोलायला लागले. माझा मुलगा होडी हाकायला चुकला नाही, मशीन माझ्यामुळे मोडलं, तुम्ही जे बोलत होता ते चूक होतं आणि मला ते कळत होतं. सगळे थबकले. काहींना हे कशाबद्दल आहे हेच लगेच ध्यानात आलं नाही. मग एकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, अल्लाची मर्जी होती म्हणाला. दुसरा म्हणाला, आता कशाला उकरून काढता, मरहूमला आराम करू द्या. अब्बा पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले तेव्हा लाँचवरचे त्यांचे जुने सोबती त्यांना हाताला धरून घरी घेऊन आले. वाटेत म्हणाले, डोळ्यांचं ऑपरेशन करून घे, एकटा अंधारात बसून डोकं फिरतं माणसाचं.

पडवीत बसून जे बोलले होते ते लोक विसरून गेले होते. निदान तसं म्हणाले. ज्या गोष्टीने माझ्या भाभीला इतकी वर्षं आतून कुरतडलं ती त्यांच्या लेखी पडवीतल्या गप्पांहून जास्त नव्हती. अब्बांनी गावासमोर कबूल केलं हे मी भाभीला सांगितलं. तिला आधीच कळलं होतं. ती म्हणाली, "आता कोण ऐकतंय?"

मशीनचं काम मात्र अब्बांनी सोडलं नाही. मी विचारलं, आता कशाला? ते म्हणाले, चालू करायचं म्हटलंय ना. गिअर बसवला. पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबर कडक होऊन तुटलं होतं, ते नवं घातलं. पाण्याच्या वाटा मिठाने बुजल्या होत्या, गरम पाणी ओतून तारेने मोकळ्या केल्या. आम्ही दोघं आता कामापुरतंच बोलत होतो. हा पाना दे. तो नको. इथे धर. पूर्वी मध्येच ते लाँचवरच्या गमती सांगायचे, ते बंद झालं. पितळेची पिन त्यांनी शेवटी स्वतः घातली आणि मला विचारलं, पिवळीच आहे ना? मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

मार्चमध्ये मोठ्या पिंपात पाणी भरून मशीन त्याच्या काठाला आवळलं. मीच दोरी ओढत होते, अब्बांच्या दंडात आता तेवढी ताकद नव्हती. कितीतरी वेळा ओढली. निळा धूर निघायचा आणि बंद. मग एकदा खोकल्यासारखं झालं आणि ते धरलं. पिंपातलं पाणी खळबळायला लागलं, बाजूने पाण्याची बारीक धार बाहेर पडली. अब्बांनी त्या धारेखाली हात धरला. गरम आहे का ते बघत होते.

तो आवाज मी विसरले होते. रोज सकाळी तोच आवाज खाडीकडून ऐकू यायचा आणि आई होती तोवर, भाई आला म्हणून ती चहा टाकायची. आता तो आमच्या अंगणात होता. अब्बांचा चेहरा मी बघितला नाही.

भाभी मागच्या दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी ती घरीच होती. ओढणीचं टोक तोंडाशी घट्ट धरलेलं. काहीतरी म्हणाली, पण आवाजात ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाली तेव्हा मला ओठांवरून कळलं. बंद करा. मी बटण दाबलं.

सगळं शांत झाल्यावर ती अब्बांजवळ आली. म्हणाली, चालू झालंय, आता हे कुणालातरी देऊन टाका, हा आवाज या घरात नको. अब्बा म्हणाले, देतो.

खाडीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका माणसाने ते नेलं. आतल्या शांत पाण्यात जाळी टाकतो तो, बाहेर येत नाही, म्हणून अब्बांनी त्याला निवडलं. उरलेल्या पिना त्यांनी फडक्यात गुंडाळून मशीनच्या मुठीला घट्ट बांधून दिल्या आणि त्याला सांगितलं, मोडली की हीच घालायची, दुसरी कुठलीही घालायची नाही. मशीन टेम्पोत चढवून होईपर्यंत त्यांनी हे कितीतरी वेळा सांगितलं. तो माणूस भला होता, दर वेळी हो चाचा म्हणत होता. पण म्हातारी माणसं बोलतात तेव्हा आपण जशी मान हलवतो तशी तो हलवत होता.

रमजान संपल्यावर भाभी मुलीला घेऊन माहेरी गेली, म्हसळ्याला. कायमची. तिच्या भावाने तिथल्या शाळेत मुलीचं नाव घातलं होतं. भांडण झालं नाही. तिने घर झाडून घेतलं, अब्बांच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत लावून ठेवल्या, कुठली कधी घ्यायची ते मला आणि चाचीला समजावून सांगितलं. निघताना अब्बांना सलाम केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना काही बोलायचं होतं असं मला वाटलं, पण तिचा भाऊ रिक्षात बसून वाट बघत होता आणि मुलगी रडत होती.

अब्बांना मी पालीला चला म्हणते. ते येत नाहीत. दुपारचा डबा चाचीकडून येतो, शनिवारी मी जाते.

भाभीचा फोन येतो, बहुतेक रविवारी सकाळी. आमचं चांगलं बोलणं होतं. विहिरीला पाणी किती आहे, आंब्याला मोहर आला का, माझी शाळा, तिच्या वहिनीच्या तऱ्हा. अब्बांची तब्येत कशी आहे हे ती दर वेळी विचारते, पण मला विचारते. अब्बा समोर खाटेवर बसलेले असतात. पूर्वी मी म्हणायची, त्यांना देऊ का? ती म्हणायची, नको, नंतर. आता मी म्हणत नाही. ती मुलीकडे फोन देते आणि मी तो अब्बांच्या हातात देऊन कानाशी लावते. मुलगी शाळेतलं सांगते, नव्या मैत्रिणींचं, एका शेळीचं. अब्बा हां, हां म्हणत राहतात. तिचं बोलणं संपतं, फोन बंद होतो, तरी ते थोडा वेळ तसाच कानाला लावून बसतात. मग मी तो हळूच काढून घेते आणि चहा ठेवायला उठते.